एक रांग, अनेक खिडक्या

(पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका यांना कामावर असताना एकमेकांशी सतत बोलावे लागते. हे बोलणे बिनतारी संदेशाने चालते. थोड्याशा वाहिन्यांवर हजारो माणसांचे बोलणे कसे भागते आणि ते ऐकणाऱ्या अमेरिकेतील हौशी श्रोत्यांना कोणते कोडे पडले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, समजा, तुम्ही रेल्वे स्थानकावर तिकीट काढायला गेला आहात. समोर पाच खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग आहे. तुम्ही एका रांगेत उभे राहता. नेमका तुमच्याच पुढचा माणूस सुट्ट्या पैशांवरून वाद घालू लागतो. शेजारची खिडकी रिकामी होते. पण आपली रांग सोडून तुम्ही तिकडे जाईपर्यंत तिथे दुसरे चारजण येऊन उभे राहतात.

आता बँकेत चला. तिथे तुम्ही एक टोकन घेता आणि बाकावर बसता. खिडक्या पाचच आहेत. पण जी खिडकी रिकामी होईल, तिच्याकडे पुढच्या क्रमांकाला बोलावले जाते. कोणतीही खिडकी कोणा एकाची नाही. म्हणून एकही खिडकी विनाकारण रिकामी राहत नाही आणि एका भांडखोर माणसामुळे सगळी रांग अडत नाही.

हीच साधी युक्ती बिनतारी संदेशांच्या जगात वापरली, तेव्हा तिला ‘ट्रंक रेडिओ’ असे नाव मिळाले. ही युक्ती समजून घेण्यापूर्वी पोलिसांचा रेडिओ कसा सुरू झाला, ते पाहू.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ साली आपल्या मोटारींत रेडिओ बसवले. मुख्यालयातून संदेश निघे आणि गस्तीवरचे पोलीस तो ऐकत. पण त्यांना रेडिओवरून उत्तर देता येत नसे. उत्तर द्यायचे तर मोटार थांबवून रस्त्यावरचा टेलिफोन गाठावा लागे. पुढे १९३३ साली न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या गावच्या पोलिसांना मोटारीतूनच उत्तर देण्याची सोय मिळाली. ऐकणे आणि बोलणे, दोन्ही शक्य झाले.

रेडिओची लहर भिंतीआड राहत नाही. ती हवेतून सगळीकडे पसरते. म्हणून पोलिसांचे बोलणे इतरांनाही ऐकू येऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये आर्थर फेलिग नावाचा एक छायाचित्रकार होता. लोक त्याला ‘वीजी’ या नावाने ओळखत. पोलिसांचे संदेश ऐकणारा रेडिओ आपल्या मोटारीत बसवण्याची परवानगी त्याला १९३८ साली मिळाली. आग, अपघात किंवा गुन्ह्याची खबर कानी पडताच तो कॅमेरा घेऊन धावत सुटे. त्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकत.

पुढे ‘स्कॅनर’ नावाचे यंत्र बाजारात आले. ते एकामागून एक अनेक वाहिन्या तपासते. जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबते आणि बोलणे संपले की पुढे जाते. अमेरिकेत हजारो लोकांना स्कॅनर ऐकण्याचा छंद लागला. त्यांत निवृत्त माणसे होती, पत्रकार होते आणि वादळाची बातमी लवकर मिळावी म्हणून ऐकणारे शेतकरीही होते.

मात्र एक गोष्ट येथेच लक्षात ठेवा. हा छंद त्या देशातला आहे. तिथेही त्याला कायद्याच्या मर्यादा आहेत. आपल्या देशात परवान्याशिवाय असे यंत्र वापरून पोलिसांचे संदेश ऐकणे कायद्याला मंजूर नाही. ज्यांना बिनतारी संदेशांची आवड आहे, त्यांच्यासाठी आपल्याकडे ‘हॅम रेडिओ’चा चांगला मार्ग आहे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि सरकारी परवाना मिळवावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतंत्र वाहिनी देत असत. पण वाहिन्या काही हव्या तितक्या मिळत नाहीत. शहरातील जमिनीप्रमाणे रेडिओच्या लहरींचा पट्टाही मर्यादित असतो. शहरे वाढली, खाती वाढली आणि वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्या.

एक छोटेसे गणित करू. समजा, एका शहरात पाच खाती आहेत : पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा आणि बससेवा. प्रत्येक खाते तासातील १२ मिनिटे बोलते आणि प्रत्येकाला एकेक स्वतंत्र वाहिनी आहे. म्हणजे प्रत्येक वाहिनी तासातील ४८ मिनिटे रिकामी पडून असते. तरीही एखाद्या पोलीस शिपायाने मध्येच बोलायचे ठरवले, तर १०० पैकी २० वेळा त्याची वाहिनी त्याच्याच खात्यातील दुसऱ्या कोणीतरी अडवलेली असते. त्या क्षणी पाणीपुरवठ्याची वाहिनी मोकळी असली, तरी तिचा त्याला काही उपयोग नाही.

आता पाचांऐवजी तीनच वाहिन्या ठेवू. पण त्या सर्व खात्यांच्या सामाईक करू. प्रत्येक खाते आपल्या कामाप्रमाणे, इतरांशी संबंध न ठेवता बोलते असे धरा. हिशेब केला तर १०० पैकी सुमारे ९४ वेळा तीनपैकी निदान एक वाहिनी रिकामी सापडते. अडचण येते ती फक्त सहा वेळा. वाहिन्या कमी झाल्या आणि सोय मात्र वाढली! आहे की नाही गंमत?

हा हिशेब रेडिओच्या आधी टेलिफोनसाठी मांडला गेला. डेन्मार्कमध्ये ॲग्नर एर्लांग नावाचे गणितज्ञ होऊन गेले. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. इतक्या ग्राहकांसाठी किती तारा पुरतील, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९०९ साली त्यावरील आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. टेलिफोनवरील संभाषणांची वर्दळ मोजण्याच्या एककाला आज त्यांच्याच नावाने ‘एर्लांग’ म्हणतात.

‘ट्रंक’ हा शब्दही टेलिफोनमधूनच आला. दोन टेलिफोन केंद्रांना जोडणाऱ्या मुख्य तारेला ‘ट्रंक लाइन’ म्हणत. तुमच्या आजी-आजोबांना ‘ट्रंक कॉल’विषयी विचारा. परगावी बोलायचे असेल तर आधी नंबर नोंदवावा लागे आणि मग वाट पाहत बसावे लागे. शहरात ग्राहक पुष्कळ. पण दोन शहरांमधल्या तारा थोड्या. जी तार मोकळी होईल, ती ऑपरेटर पुढच्या माणसाला जोडून देई. आपल्या देशात १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांदरम्यान ऑपरेटरशिवाय थेट नंबर फिरवण्याची सोय प्रथम झाली. पुढे ती देशभर पसरली आणि ट्रंक कॉल मागे पडला.

ट्रंक रेडिओत ऑपरेटरचे काम संगणक करतो. हे काम कसे चालते, ते पायरीपायरीने पाहू.

यंत्रणेतील एक वाहिनी बोलण्यासाठी वापरतच नाहीत. तिला ‘नियंत्रण वाहिनी’ म्हणतात. तिच्यावरून संगणक सतत आकड्यांच्या रूपात सूचना पाठवत असतो. सर्व पोलिसांचे, जवानांचे रेडिओ गप्प असतात, तेव्हा ते हीच वाहिनी ऐकत असतात. प्रत्येक रेडिओला स्वतःचा क्रमांक असतो. ज्यांनी एकमेकांशी बोलायचे, त्यांचा एक गट केलेला असतो आणि त्या गटालाही क्रमांक असतो.

समजा, अग्निशामक दलाच्या जवानाने बोलण्यासाठी बटण दाबले. त्याचा रेडिओ नियंत्रण वाहिनीवरून संगणकाला कळवतो, “मी अमुक रेडिओ, मला अमुक गटाशी बोलायचे आहे.” संगणक रिकामी वाहिनी शोधतो आणि जाहीर करतो, “या गटाने तीन क्रमांकाच्या वाहिनीवर जावे.” त्या गटातील सर्व रेडिओ आपोआप तिथे जातात. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत घडते. जवान बोलतो, इतर ऐकतात. बोलणे संपले की ती वाहिनी पुन्हा सर्वांची होते आणि सगळे रेडिओ नियंत्रण वाहिनीकडे परततात.

आपल्या उदाहरणातील तीन वाहिन्यांमध्ये ही नियंत्रण वाहिनी मिळवली तर चार होतात. तरीही पाचांपेक्षा एक कमीच!

अमेरिकेतील शहरांत १९८०च्या दशकात अशा यंत्रणा सुरू होऊ लागल्या. पोलिसांची सोय झाली. पण स्कॅनर ऐकणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. का, ते पाहा.

एक श्रोता रात्री स्कॅनर लावून बसला आहे. आवाज येतो, “तिसऱ्या मजल्यावर धूर दिसतो आहे. खिडकीत एक बाई आणि मूल...” तो सावरून बसतो. पुढचा आवाज येतो, “बारा नंबरची बस डेपोत परत आणा.” त्यानंतर कोणीतरी फुटलेल्या जलवाहिनीची तक्रार करतो. बाई आणि मुलाचे काय झाले? ते बोलणे थांबलेले नसते. उत्तर आले, तेव्हा संगणकाने त्या गटाला दुसरीच वाहिनी दिलेली असते. श्रोता एकाच वाहिनीला चिकटून राहिला, म्हणून त्याला पाच गोष्टींचे पाच तुकडे ऐकू आले. एकही गोष्ट पुरी ऐकू आली नाही.

हे कोडे सुटायला काही वर्षे गेली. उत्तर मात्र सोपे होते. पोलिसांचा रेडिओ जे करतो, तेच स्कॅनरने करायचे : बोलण्याच्या वाहिन्यांमागे धावण्याऐवजी नियंत्रण वाहिनी ऐकायची. तिच्यावर साध्या कानाला नुसती घरघर ऐकू येते. पण ती घरघर म्हणजे संगणकाच्या सूचना असतात. त्या वाचता आल्या की कोणता गट कोणत्या वाहिनीवर गेला ते कळते. असे काम करणारा बेअरकॅट २३५ हा स्कॅनर १९९७ साली बाजारात आला. श्रोत्याने गटाचा क्रमांक निवडायचा. स्कॅनर त्या गटाच्या मागोमाग वाहिनी बदलत जातो. तुकड्यांची पुन्हा गोष्ट झाली.

एक अडचण मात्र राहिली. यंत्रणा फक्त गटाचा क्रमांक सांगते, नाव सांगत नाही. अमुक गट पोलिसांचा की बससेवेचा, हे श्रोत्यांनी बोलणे ऐकून ओळखायचे. ते वही घेऊन बसत, नोंदी करत आणि एकमेकांच्या नोंदी पडताळून पाहत. अशा चिकाटीतून गावोगावच्या याद्या तयार झाल्या.

सामाईक व्यवस्थेत सोय आहे, तसा धोकाही आहे. आपल्या गणितात आपण धरले होते की प्रत्येक खाते आपापल्या वेळी बोलते. पण मोठी आग लागली, पूर आला किंवा इमारत कोसळली तर? तेव्हा सगळ्यांनाच एकदम बोलायचे असते. सर्व वाहिन्या भरतात. बटण दाबणाऱ्याला ‘थांबा’ असा इशारा देणारा आवाज ऐकू येतो आणि त्याचे नाव रांगेत लागते. अशा वेळी एखादा शिपाई संकटात असेल, तर त्याने थांबायचे का?

म्हणून संगणकाला आधीच क्रम ठरवून दिलेला असतो. रेडिओवर संकटकाळचे एक वेगळे बटण असते. ते दाबणाऱ्याला रांगेत सर्वांच्या पुढे जागा मिळते. काही यंत्रणांत तर त्याच्यासाठी दुसऱ्याचे चालू बोलणे तोडले जाते. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की आपण बाजूला होतो, तसेच हे आहे.

पण यंत्रणाच बंद पडली तर? संगणक बिघडला, तर अनेक यंत्रणांतील रेडिओ आधी ठरवून ठेवलेल्या साध्या वाहिन्यांवर जातात. मनोराच निकामी झाला तर मात्र तेवढाही आधार उरत नाही. ऑगस्ट २००५मध्ये कतरिना हे भयंकर वादळ न्यू ऑर्लिन्स शहरावर आले. शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर पोलीस व अग्निशामक दल यांची सामाईक यंत्रणा बंद पडली. बचाव करणाऱ्या पथकांना मोजक्या साध्या वाहिन्यांवर गर्दी करावी लागली. ज्या वेळी बोलण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वेळी बोलणे अवघड झाले. जे सर्वांचे असते, ते बिघडले तर सर्वांचेच अडते. म्हणून त्याची राखणही सर्वांत अधिक काळजीने करावी लागते.

आता शेवटचा प्रश्न. पोलिसांचे बोलणे लोकांनी ऐकावे का? अलीकडे अमेरिकेतील अनेक शहरांनी आपले संदेश सांकेतिक केले आहेत. तसे केले की कोणता गट बोलतो आहे हे कळले, तरी तो काय बोलतो हे कळत नाही. डेन्व्हर शहराच्या पोलिसांनी २०१९ साली आपल्या वाहिन्या अशा बंद केल्या. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ साली तसे करण्यास सुरुवात केली.

पोलीस म्हणतात, “चोरही स्कॅनर ऐकतात. शिवाय आम्ही रेडिओवर जखमी माणसाचे नाव, पत्ता सांगतो. ते साऱ्या गावाने का ऐकावे?” पत्रकार आणि हौशी श्रोते म्हणतात, “पोलीस लोकांसाठी काम करतात. ते काय करतात, हे लोकांना कळले पाहिजे. जवळ संकट आले तर आम्हांला वेळीच सावध होता आले पाहिजे.” दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. खिडकीतल्या त्या बाईचा विचार करा. तिच्या घराला आग लागल्याचे शेजाऱ्यांना लवकर कळावे, असे तिला वाटेल. पण आपल्या दुखापतीची चर्चा अनोळखी लोकांनी ऐकावी, असे तिला वाटेल का?

मित्रांनो, बिनतारी संदेश पाठवणाऱ्याला सुरुवातीलाच एक नियम शिकवतात : आधी ऐका, मग बटण दाबा, थोडक्यात बोला आणि वाहिनी मोकळी करा. तुम्ही वाहिनी अडवून बसलात, तर तिकडे कोणीतरी मदतीची हाक मारत ताटकळत असेल. पाण्याचा नळ, ग्रंथालयातील पुस्तक, बसमधील जागा, अशा किती तरी गोष्टी आपण सामाईक वापरतो. तिथेही हा नियम लागू पडतो का, याचा विचार करा.

शब्दार्थ

बिनतारी – तारेशिवाय चालणारे
वाहिनी – ज्यावरून संदेश जातो तो मार्ग, चॅनेल
सामाईक – सर्वांचे मिळून असलेले
हौशी – आवड म्हणून एखादे काम करणारा
पंचाईत होणे – अडचण होणे
वर्दळ – ये-जा
सांकेतिक – ठरावीक लोकांनाच कळेल असे
तथ्य – खरेपणा
ताटकळणे – वाट पाहत खोळंबून राहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डेट्रॉइटच्या पोलिसांना रेडिओवरील संदेशाला उत्तर देण्यासाठी काय करावे लागे?
(आ) ‘ट्रंक’ हा शब्द कोठून आला?
(इ) नियंत्रण वाहिनीवर साध्या कानाला काय ऐकू येते?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या स्कॅनरवर श्रोत्याला बोलण्याचे तुकडेच ऐकू येत.
(आ) संकटकाळच्या बटणाची गरज असते.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
पोलिसांचे संदेश सांकेतिक असावेत की नसावेत? तुमचे मत कारणांसह सांगा.

४. पुढील शब्द तुमच्या उर्दू भाषेतही आहेत. त्यांचे उर्दूतील अर्थ सांगा. काही अर्थ वेगळा आहे का, ते पाहा. प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
शहर, आवाज, खबर, परवाना, इमारत, मदत

५. उपक्रम
घरातील वडीलधाऱ्या माणसांना ट्रंक कॉलची आठवण विचारा आणि ती मराठीत आठ ओळींत लिहा.